चालत वाचायचं प्रकरण

मानेवरून मशीन फिरवता फिरवता सलूनवाला म्हणाला, "वहिनींचं पुस्तक वाचलं बरं का. ते दवाखान्याचं प्रकरण तर... तुम्ही म्हणजे अगदी बिचारे हो!" आणि आरशातून त्याच्याकडे बघून हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण गळ्याभोवती कापड बांधलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. बिचारे म्हणजे काय, हेही विचारता येत नाही. बायकोच्या पुस्तकात आपण बिचारे का आहोत, हे नवऱ्याने परक्याला विचारायचं म्हणजे मग राहिलं काय? तो "हं" म्हणाला. सलूनवाल्याला वाटलं, साहेब लाजले. त्याने कानामागचे केस जास्तच निगुतीने काढले, पावडर मारली, आणि निघताना खांद्यावर हलकेच थोपटलं. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्यांचीच टिंगल करणारा हा माणूस. त्याने आपल्याला असं थोपटावं, जसं कुणी गेल्यावर घरच्यांना थोपटतात? रस्त्यावर आल्यावर त्याला मानेवर गार वाटलं. केस कमी झाल्यामुळे असेल, पण त्याला तसं वाटलं नाही.

त्याला सगळे बोर्डवाला म्हणत. शहर संपतं तिथे त्याची शेड होती, आणि तिथे रस्त्याकडेच्या पाट्या तयार होत: पुढे वळण आहे, सावकाश, शाळा, अमुक गाव इकडे आणि तमुक गाव तिकडे. पाट्यांना त्याच्या धंद्यात बोर्डच म्हणायचे. तर या बोर्डवाल्याच्या बायकोने पन्नाशी उलटल्यावर पुस्तक लिहिलं, ते छापून आलं, आणि पाहता पाहता सगळ्यांनी वाचलं. मेहुणीने फोनवर सांगितलं, "भावोजी, मी रडले हो!" का रडली ते काही बोलली नाही. शेजारचे निवृत्त मास्तर जिन्यात भेटले की हल्ली आधी बाजूला होऊन त्याला वाट देत. डॉक्टरीणबाईंनी त्याचा रक्तदाब मोजताना, उगाचच, "तुम्ही चांगले आहात," असं म्हटलं होतं, आणि तो तब्येतीबद्दल बोलणं समजून "हो, साखर थोडी आहे," म्हणाला होता. आता ते सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. गावभर लोकांना त्याच्याबद्दल काहीतरी ठाऊक होतं आणि त्याला एकट्यालाच ते ठाऊक नव्हतं. बरं, ते काही कुलपात नव्हतं. त्याच्याच उशाशी पडलं होतं, वर चहाच्या कपाचा गोल डाग घेऊन.

दवाखान्याचं प्रकरण. त्यात काय असणार, हे मात्र त्याला न वाचताच कळलं होतं. घराकडे चालताना तो ते मनातल्या मनात टाळत होता, आणि टाळलेली गोष्ट दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखी जिभेला पुन्हा पुन्हा लागते, तशी ती दुपार त्याला लागत होती. बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. खिडकीला हिरवा पडदा होता, आणि तो नीट सरकत नसे. ती शुद्धीवर आली होती, ओठ कोरडे, आणि घरून मागवलेलं पुस्तक त्याच्या मांडीवर होतं. ती म्हणाली, "वाचून दाखवा ना थोडं." इतकंच. आयुष्यात तिने त्याच्याकडे काही फार मागितलं होतं अशातला भाग नव्हता. त्याने पुस्तक उघडलं. पान वरपासून खालपर्यंत भरलेलं. आणि तो म्हणाला, "चष्मा घरी राहिला गं." चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशात होता. तिने तोंड भिंतीकडे वळवलं, आणि पांघरुणाखाली तिचे खांदे हलायला लागले. तो बसून राहिला. आवाज न करता रडणाऱ्या बायकोला काय म्हणायचं असतं ते त्याला आजतागायत माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो ते पुस्तक मांडीवर धरून बसला, आणि त्या दुपारबद्दल पुढे दोघांपैकी कुणीही, कधीही, चकार शब्द काढला नाही. आता तिने काढला होता, आणि तोही छापून.

घरी ती नव्हती. भाजी आणायला गेली असावी, दाराला नुसती कडी होती. त्याने पुस्तक घेतलं, खुर्ची उजेडात ओढली, चष्मा लावला. आज वाचायचंच. अनुक्रमणिकेत प्रकरण सापडलं, पानही सापडलं, आणि मग नेहमीचं झालं. पहिली ओळ वाचली. ओळ लांब, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि समास इतका अरुंद की अंगठा ठेवला की चार शब्द अंगठ्याखाली. ओळ संपून डोळा परत डावीकडे यायला निघाला आणि वाटेत चुकला, त्याच ओळीवर पुन्हा येऊन पडला. पुन्हा वाचली. मग एक ओळ गळली. मग बारीक अक्षरं एकमेकांत सरकायला लागली, काने आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसायला लागल्या, आणि त्याला तो जुना वास आला, शाळेच्या ओल्या फडक्याचा आणि खडूचा. मास्तर उभं करून वाचायला सांगत. तो बोट ठेवून वाचे. मास्तर बोट उचलायला लावत. बोट उचललं की ओळ नाहीशी होई आणि वर्ग हसे. "याचं डोकं चालतं, फक्त पुस्तकात चालत नाही," असं मास्तर त्याच्या बापाला म्हणाले होते, आणि बापाला त्यात स्तुती ऐकू आली होती. तेव्हापासून त्याने एक गोष्ट स्वतःशी मान्य करून टाकली होती: आपल्यात एक खोली बांधायचीच राहून गेली आहे. इतरांना ती असते. ते पुस्तक उघडतात आणि आत जातात, बराच वेळ दिसेनासे होतात, आणि बाहेर येतात तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा असतो. आपण दाराशी चपला घालून उभे. त्याने पान मिटलं. पाहिलं तर डागावर आणखी एक डाग पडला होता, घामाचा.

आणि अशा माणसाने वाचणारी बायको केली! ती एकदा शिकवणीच्या वर्गाचा बोर्ड करून घ्यायला शेडवर आली होती. कच्चा कागद हातात धरून म्हणाली होती, "अक्षरं छान काढता हो तुम्ही." तो मनात म्हणाला, काढायला काय जातंय. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ती त्याला वाचून दाखवायची. त्याला तिचा आवाज इतका आवडायचा की तो शब्द सोडून नुसता आवाजच ऐकायचा आणि झोपून जायचा. तिला वाटे, कंटाळला. तिने हळूहळू बंद केलं. भांडण नाही, रुसवा नाही, नळ घट्ट फिरवून बंद करतात तितक्या साधेपणाने बंद केलं. पुस्तकाची पहिली प्रत आली तेव्हा तिने ती त्याच्या उशाशी ठेवली आणि फक्त "ठेवलंय हं" म्हणाली. "वाचा" म्हणाली नाही. नंतर "वाचलंत का?" असंही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि ती खोटं बोलायची वेळसुद्धा त्याच्यावर येऊ देत नव्हती. याचा त्याला सगळ्यात जास्त त्रास होता. ती पिशवी घेऊन आत आली तेव्हा पुस्तक जागेवर होतं आणि तो खिडकीबाहेर बघत होता. ती म्हणाली, "केस छान कापलेत. पण अहो, चेहरा का उतरलाय?" तो म्हणाला, "मशीनचं ब्लेड बोथट होतं त्याचं."

दुसऱ्या दिवशी शेडवर रस्त्याच्या इंजिनिअरचा फोन आला. साहेब तापले होते. फाट्यावरचा नवा बोर्ड वाचताच येत नाही म्हणून ट्रकवाल्यांची तक्रार होती, एकजण तर वळण चुकून घाट चढून गेला होता. "अडाणी लोक हो," साहेब म्हणाले, "डोळे उघडे ठेवून गाडी चालवायला नको? लिहिलंय ना स्पष्ट!" आणि बोर्डवाला, जो साहेबांशी एरवी शक्यतो हो ला हो करत असे, एकदम भडकला. "त्याची काय चूक साहेब? मी तेव्हाच म्हणालो होतो. एका पत्र्यावर चार गावं कोंबायला लावलीत तुम्ही. अक्षर बारीक, ओळीला ओळ चिकटलेली, कडेला बोटभर जागा नाही. अक्षराला हवा लागते. बोर्ड वाचता आला नाही तर चूक बोर्डाची असते, ड्रायव्हरची नसते!" साहेब बघू म्हणाले, फोन बंद झाला. तो मात्र फोन कानाला तसाच लावून उभा राहिला. आपणच आत्ता काय बोललो ते त्याला नीट ऐकू यायला थोडा वेळ लागला. त्याने ते अनेकदा म्हटलं होतं, छपाईच्या मशीनवरच्या बाईला, पत्रे कापणाऱ्यांना, जे कुणी ऐकेल त्याला. बोर्ड तयार झाला की तो आवाराच्या टोकाच्या भिंतीला उभा करायचा, स्वतः फाटकापर्यंत जायचा आणि तिथून चालत यायचा. पावलं न थांबवता वाचता आला तर पास. थांबावं लागलं तर पुन्हा करा. ही त्याची परीक्षा होती, आणि त्यात वाचणारा कधीच नापास होत नसे, बोर्डच होई. मग पुस्तकाच्या बाबतीत इतकी वर्षं आपणच कसे नापास होत आलो? पुस्तक शहाण्यांनी केलेलं असतं म्हणून? त्याने कधी पुस्तकाकडे बोर्ड म्हणून बघितलंच नव्हतं. पुस्तकासमोर तो कायम हात जोडूनच उभा राहिला होता. त्याच्या छातीत काहीतरी भराभर चालायला लागलं, आणि हे खरं निघालं नाही तर काय, या भीतीने तो थोडा वेळ खुर्चीत बसला. कारण अक्षर मोठं करूनही आत जाता आलं नाही, तर मग ती खोली खरोखरच नव्हती. आणि आत जाता आलं, तर तिथे ती दुपार होती.

प्रकाशनाच्या कार्यक्रमाचा कापडी फलक त्यानेच शेडवर छापला होता. त्यासाठी बायकोने दिलेला पेन ड्राइव्ह अजून ड्रॉवरमध्ये होता, आणि त्यात अख्खं पुस्तक होतं. त्याने दवाखान्याचं प्रकरण शोधून काढलं. वाचलं नाही, फक्त मापं घेतली. चालत्या माणसाच्या एका नजरेत बसतील तेवढेच शब्द एका ओळीत. चार, फार तर पाच. शब्द मध्ये तोडायचा नाही. दोन ओळींत ओळीपेक्षा जास्त मोकळी जागा. ती जिथे परिच्छेद संपवून दम घेते तिथे आपणही थांबायचं, म्हणजे वीतभर कोरा कागद. दोन्ही बाजूंना समास ऐसपैस. पांढऱ्याफेक कागदावर ऊन चकाकतं, म्हणून पिवळसर रोल लावला. मशीनवरची बाई तोंडावर हात ठेवून बघत होती. "काका, हे वाचणार कोण, हत्ती?" "हत्तीच," तो म्हणाला. "अहो पण किती कागद जाईल!" "जाऊ दे." मशीन कुरकुरत कागद बाहेर ढकलत होतं, आणि वरून येणारे शब्द दिसू नयेत म्हणून तो तिकडे पाठ करून उभा होता. परीक्षेचा पेपर आधी फुटू नये तसं.

शनिवारी अर्धा दिवस असे. सगळे गेल्यावर त्याने कागद आवाराच्या भिंतीवर, बोर्ड वाळवायच्या तारेला चिमटे लावून, फाटकापासून टोकापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी टांगला. ऊन कलतं होतं. तो फाटकाशी गेला, चष्मा काढून खिशात ठेवला, कारण एवढ्या अक्षराला चष्मा लागतच नव्हता, आणि चालायला लागला. पहिल्या ओळी साध्या होत्या. तारीख, पाऊस नव्हता, खोलीतला वास. तो पुढच्या पट्ट्याशी पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण ओळ मोजत नाही आहोत. डोळा घरंगळत खाली येत होता आणि बरोबर पुढच्या ओळीवर उभा राहत होता. हिरवा पडदा आला, नीट न सरकणारा. अरे, तिनेही तो पाहिला होता! आणि मग आवाज आला. तिचा, लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतला, जरासा घोगरा, ओळीच्या शेवटी हलकेच खाली येणारा. तो थांबला नाही. थांबायचं नव्हतंच.

वाचून दाखवा ना
थोडं, मी म्हटलं.
नवरा म्हणाला,
चष्मा घरी राहिला.

त्याचे पाय जड झाले. पण वीतभर कोऱ्या जागेपलीकडे पुढची ओळ दिसत होती, आणि दिसणारी ओळ वाचल्याशिवाय आता राहवत नव्हतं, ही गोष्टच इतकी नवी होती की भीतीलासुद्धा तिच्या मागून चालावं लागलं.

चष्मा त्याच्या
शर्टाच्या खिशातून
माझ्याकडे बघत होता.

मला असं हसू आलं!
हसले तर
टाके ओढले जातील,
म्हणून मी तोंड
भिंतीकडे वळवलं
आणि पांघरूण दाताखाली धरलं.

तो थांबला. परीक्षेत नापास झाला, पण थांबला. हसत होती? ते खांदे? इतकी वर्षं तो त्या खांद्यांखाली दबून जगला होता. तिने काही मागावं आणि आपण ते देऊ शकू नये, हा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून तो पंगतीत, प्रवासात, पुस्तकांच्या दुकानांच्या दाराशी सारखा जरा बाजूला उभा राहत आला होता, आणि ही बया पांघरूण दाताखाली धरून हसत होती. त्याच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. ते रडू नव्हतं हे त्याला थोडं उशिराने कळलं. फाटकाबाहेरून जाणाऱ्या एका सायकलवाल्याने वळून पाहिलं, भिंतीवर टांगलेला पिवळा कागद आणि त्याच्यासमोर एकटाच हसणारा टक्कल पडू घातलेला माणूस पाहिला, आणि पायडल जोरात मारलं. तो डोळे पुसून पुढे चालला.

ऑपरेशनच्या आधीपासून
मनात धरून होते,
आपण काही
परत घरी जात नाही.
हसू आवरताना
पहिल्यांदा वाटलं,
जातो बहुतेक.

पुस्तकाला घाबरणारा हा माणूस,
बिचारा,
संध्याकाळपर्यंत
ते मांडीवर धरून बसला.
पान एकदाही
उलटलं नाही.
मी पापण्यांच्या फटीतून
तेच बघत होते.

प्रकरण पुढेही होतं. घरी परतणं, जिना, तिचा हात धरून चढणारा तो, आणि त्याला स्वतःला मुळीच न आठवणारी एक गोष्ट, की दाराशी पोचल्यावर त्याने आधी तिच्या पुस्तकांच्या फडताळावरची धूळ पुसली होती. भिंत संपली तेव्हा त्याला राग आला. आणखी हवं होतं. वाचताना पुढे आणखी हवं, असं वाटायला आपलं किती वय जावं लागलं, असं त्याच्या मनात आलं, पण हिशेब करावासा वाटला नाही. अंगातून काहीतरी उतरलं होतं, दिवसभर डोक्यावर वाहिलेला पत्रा खाली ठेवल्यावर मान आपोआप उंच होते तसं. ती खोली होती. दार तेवढं अरुंद केलं होतं कुणीतरी.

कागदाची गुंडाळी काखेत मारून तो घरी आला तेव्हा ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. "हे काय, शेडवरचं काम घरी आणलंत?" बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत लांब बोळ होता. त्याने एकेक पट्टा चिकटपट्टीने भिंतीला लावला. ती हातात टॉवेल घेऊन बघत राहिली, मग जवळ आली, आणि मग तिने टॉवेल खांद्यावर टाकला. ती भिंतीच्या कडेने चालत निघाली. तोंडातल्या तोंडात ओठ हलत होते. मध्येच थांबून तिने डोळ्यांना हात लावला आणि म्हणाली, "अहो, मी चष्मा न लावता वाचतेय!"

"तेवढ्यासाठीच केलंय."

"तुम्हाला सांगू? मला माझं पुस्तक वाचता येत नाही." ती भिंतीला टेकून हसायला लागली. "खरंच सांगते. दोन फॉर्म, म्हणजे बत्तीस पानं, वाचवायची म्हणून प्रकाशकांनी अक्षर इतकं बारीक केलं, परिच्छेद एकमेकांना जोडले. पहिली प्रत हातात आली, मी पान उघडलं आणि मिटलं. प्रकाशनाच्या कार्यक्रमात मी पुस्तक समोर धरून सगळं पाठ म्हटलं. एका ओळीवरसुद्धा डोळा टिकला नाही. म्हणून तर तुम्हाला वाचा म्हटलं नाही. म्हटलं, जे मला जमेना ते ह्यांच्या माथी कशाला!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग, जे सांगायला एवढी वर्षं लागली होती, ते त्याने सांगून टाकलं. "त्या दिवशी चष्मा माझ्या खिशात होता."

"अहो, छापलंय मी ते!" ती म्हणाली. "सलूनवाल्यालासुद्धा ठाऊक आहे."

दोघंही हसले, आणि ती पोटावर हात धरून हसली, जुनी सवय, जरी टाके केव्हाच भरून आले होते. मग ती बोळात खाली, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसली. टॉवेलची घडी करून मांडीवर ठेवली. वर त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाचून दाखवा ना थोडं."

त्याने खिसा चाचपला. चष्मा होता. तो तिथेच राहू दिला. बाहेरच्या दाराशी, पहिल्या ओळीपाशी जाऊन तो उभा राहिला, घसा साफ केला, आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने वाचत वाचत तिच्याकडे चालायला लागला.